खंडेनवमीची कमांड

"संध्याकाळपर्यंत राजीनामा दे, नाहीतर काढून टाकतो, असं सर म्हणालेत," एवढं सांगून अस्मिता रडू लागली.

खासगी गुप्तहेर भाग्यश्री परचुरे यांनी तिला पाणी दिलं. त्यांचे मदतनीस दत्तप्रसाद यांनी चहा मागवला. भानगड आली की त्यांना आधी चहाच सुचतो.

अस्मिताच्या बिबवेवाडीतल्या कंपनीचे तीन सर्व्हर रुग्णवाहिकांच्या चालकांना निरोप पोचवतात. एक थांबला तरी उरलेले दोन काम ओढतात. आज सकाळी खंडेनवमीची पूजा झाली, सगळे जेवायला पांगले आणि तेवढ्यात तिन्ही सर्व्हरवरचं निरोपांचं सॉफ्टवेअर बंद! नशीब, कोणी दगावलं नाही. नोंदीत नाव मात्र अस्मिताचं.

चहा संपवून तिघं कंपनीत पोचली. "बंद करायची कमांड हिच्याच लॉगिननं, याच खोलीतून गेली," कंपनीचे मालक श्यामसुंदर दारातच म्हणाले. "तिन्ही सर्व्हरवर एकाच क्षणी. आणखी काय पुरावा हवा?"

"खोलीत कीबोर्ड किती?" भाग्यश्रीबाईंनी विचारलं.

"तीन. माझा, हिचा, सलिलचा. पूजा मी स्वतः केली, एकही सोडला नाही. त्यानंतर आज कशाला हात लावायचा नाही, हा आमचा नियम. सर्व्हर पुन्हा सुरू केले तेसुद्धा घरच्या लॅपटॉपवरून."

"काल कुठे बसून काम केलंस, अस्मिता?"

"थोडा वेळ सलिलच्या जागेवर. माझा कॉम्प्युटर अडकत होता."

सलिल खांद्याला बॅग लावूनच उभा होता. "नागपूरची गाडी आहे हो माझी. लवकर आटपा."

"अस्मिताचं काम कसं आहे?"

"स्लो! एकेक सर्व्हर उघडते, टाईप करते, तपासते. मी तिन्ही विंडो जोडून ठेवतो. एकदा टाईप केलं की तिन्हीकडे जातं."

"मला मालकांवरच संशय आहे," दत्तप्रसाद कुजबुजले. "विम्यासाठी केलं असणार."

"कसला विमा?"

"ते अजून ठरवलं नाही."

भाग्यश्रीबाई तिन्ही टेबलांभोवती फिरल्या. मालकांच्या आणि अस्मिताच्या कीबोर्डवर हळदकुंकू, अक्षता, मधोमध झेंडूचं फूल. सलिलचा कीबोर्ड चकचकीत. त्याच्या स्क्रीनच्या कडेला मात्र कुंकवाचं बोट होतं.

"अस्मिताच्या कळांवरची एक अक्षत हललेली नाही," त्या म्हणाल्या. "मालकांच्याही नाही. मग पूजेनंतर टाईप झालं ते सलिलच्या कीबोर्डवर. सलिल, गाडीआधी तुम्हाला एकच सर्व्हर थांबवून अपडेट करायचा होता ना? विंडो जोडलेल्या आहेत हे विसरलात. एकाची कमांड तिघांना गेली, म्हणून तिन्ही एका क्षणी बंद. अस्मिता एकेक उघडते, तिच्या हातून हे असं होणारच नाही. कालचं तिचं लॉगिन तुमच्या कॉम्प्युटरवर उघडंच राहिलं होतं. कळांवर कुंकू फासलं गेलं, म्हणून कीबोर्ड पुसलात. स्क्रीन पुसायची राहिली."

सलिलचा चेहरा पडला. "मुद्दाम नाही केलं. लॉगिन तिचं होतं हे नंतर कळलं."

"अरे, चूक माझ्याही हातून झाली असती," अस्मिता म्हणाली. "पण सर मला काढत होते तेव्हा तू शेजारी उभा होतास, सलिल."

सलिलनं बॅग खाली ठेवली.

श्यामसुंदरांनी स्वतः तिची खुर्ची पुढे ओढली. "चुकलो मी. बस, अस्मिता."

ती बसली. कीबोर्डला मात्र तिनं हात लावला नाही. दसरा उद्या होता.