रिव्हर्स पडेना!

"अहो भाऊ, मागे घेताय ना?"

समोरच्या मारुतीतून डोकं बाहेर काढून तो ओरडला. मी ट्रकच्या गिअरशी झटत होते. अंगात बाबांचा शर्ट, तोंडाला टॉवेल, कपाळावर ग्रीस... भाऊ नाहीतर काय म्हणणार बिचारा! बाबांचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून माणिकपूरच्या बाजारात केळी मीच टाकून येत होते. पुढचे गिअर कसेबसे पडत होते, पण रिव्हर्स टाकला की नुसता खर्र्... वाडीची वाट ही एवढीशी. मी मागे सरकल्याशिवाय त्याची सुटका नव्हती.

तो उतरून खिडकीशी आला.

"भाऊ, जरा —"

"भाऊ नाही!"

"अं... सॉरी हं, ताई —"

"ताईसुद्धा नको."

तो हसला. मेलं, काय हसतो! मी बघतच राहिले.

"सरका, मी बघतो. मला येतं."

"या ना, साहेब!"

त्यानं ऐटीत क्लच दाबला, दांडा ओढला — आणि माझ्याहून मोठ्ठा खर्र्! कान लाल झाले त्याचे.

"आधी पहिला टाकून मग रिव्हर्स टाकतात म्हणे..." तो पुटपुटला. तेही झालं. छे!

"क्लच पुरता खालीच जात नाहीये," मी म्हटलं आणि वाकून पेडलखाली हात घातला. दुहेरी घडीचं गोणपाट! हे आईचंच काम. आज मला बघायला पाहुणे येणार, पोरीचे पाय तेलानं बरबटू नयेत म्हणून गुपचूप अंथरलेलं. मी ते ओढून काढलं. रिव्हर्स अलगद पडला.

"मानलं तुम्हाला!" तो खाली उतरत म्हणाला. "बरं, आत्माराम चुरींचं घर कुठलं हो? दोनदा वाट चुकलो. मुलगी बघायला आलोय... म्हणजे, आईनं आणलंय." त्यानं मारुतीत बसलेल्या बाईंकडे बोट केलं.

आत्माराम चुरी म्हणजे माझेच बाबा! नायगावचा उमंग तो हाच! पाहुणे ठरल्या वेळेच्या आधीच आले होते. आणि आईनं तर कळवलेलं, मुलगी घराबाहेर पडत नाही.

"मला नाही ठाऊक," मी म्हटलं. "मी इथली नाही. ट्रक मालकाचा आहे. तिकडे... समुद्राच्या अंगाला विचारा."

बाबांचा ट्रक, आणि मी मालकाचा म्हणाले! घरी पोचेपर्यंत माझी मलाच शरम वाटत होती.

साडी नेसून पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, तेव्हा त्याची आई, मंदाताई, तणतणत होत्या.

"वाटेत एक ट्रकवाली भेटली, तोंड बांधलेली. खुशाल भलतीकडे धाडलं हो आम्हाला! असल्या पोरींच्या आईबापांना लाज कशी नसते?"

बाबा प्लास्टरवरून हात फिरवत खाली बघत राहिले. त्यांना कळलं होतं. उमंगनं माझ्या कपाळावर राहिलेला ग्रीसचा डाग पाहिला — त्यानंही ओळखलं. पण ओठ मिटून तो गप्प बसला.



"ती मीच," मी म्हटलं. "ट्रक बाबांचा आहे. चालवायला त्यांनीच शिकवलं. खोटं मी बोलले... त्यांना काही बोलू नका."

मंदाताईंचा पाण्याचा पेला हवेतच राहिला. आईनं तोंडाला पदर लावला. मी ट्रे ठेवून मागच्या ओट्यावर पळाले आणि ढसाढसा रडले. मोडलं सगळं!

पावलं वाजली. उमंग होता.

"रडू नका ना..."

"जा तुम्ही. लाज वाटते मला."

"मला जास्त वाटतेय. आई तुमच्या बाबांना बोलत होती, मला सगळं ठाऊक होतं — आणि मी गप्प बसलो. तुम्ही बोललात." त्यानं मान वर केली. "आता होकार द्यायला तोंड नाही मला. तरी देतोय. तुमचं... काय?"

हो म्हणून टाकावं असं वाटत होतं. पण नाही!

"आधी बाबांची माफी मागा. मग मला विचारा."

तो तस्साच आत गेला. त्याचं बोलणं नीट ऐकू येईना. मग मंदाताईंचाही आवाज आला, हळू, मऊ... मी पदराचं टोक पिळत उभी.

शेवटी बाबांची हाक आली, स्वयंपाकघरातल्या आईला, चांगली खणखणीत —

"यमुने, तांदूळ वाढव गं! मंडळी जेवूनच जाणारेत."