पात्याची रुंदी

चौदा मिलिमीटर

जुनी निळी पिकअप आमच्या धार लावायच्या दुकानासमोर ठसकली, खोकली आणि गप्प झाली. उतरलेल्या माणसाने बॉनेट उघडलं, खिशातून घडीचा चाकू काढला आणि बॅटरीचं टोक खरवडायला लागला.

मला बघवेना.

"अहो! चाकू आहे तो, खराटा नाही."

"माझा नाही हो, आजोबांचा."

"मग तर लाजच वाटायला हवी."

तो हसला. चाकू माझ्या तळहातावर ठेवला. शिंगाची मूठ, अंगठ्याच्या जागी झिजलेली... माझा अंगठा नेमका तिथेच बसला. त्याच्या मागे, गाडीत, गुलाबाची रोपं डुलत होती. रोपवाटिका त्याची, कलमं याच चाकूने करायचा.

मी पातं मोजलं, वहीत लिहिलं. ही बाबांची शिस्त. जुन्या पात्याची रुंदी आधी लिहायची, कारण धार लावायची म्हणजे पात्यातून थोडं लोखंड कायमचं काढून घ्यायचं.

साडेतेरा

पुढच्या मंगळवारी पुन्हा हजर.

"इतक्यात बोथट?"

"फांद्या जाड आहेत."

"आणि गाडी काय म्हणते?"

"तिसऱ्या झटक्याला चालू होते. पहिले दोन नकार, तिचा मान!"

"नकारांची सवय आहे म्हणायची तुम्हाला."

"तुम्ही अजून दिलाच कुठे..."

धारेच्या चाकावर ठिणग्या उडाल्या. बरं झालं. चेहरा लाल व्हायला काहीतरी निमित्त हवंच होतं.

तेरा. साडेबारा. बारा.

मंगळवार, मंगळवार, मंगळवार. 'अहो' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

बाबा आतून ओरडायचे, "रोपवाला आला का गं? विचार त्याला, झाडं कापतो की दगड?"

विचारायची गरज नव्हती. फांदीने धार अशी जात नाही. पात्यावर विटेची लाल भुकटी होती. मुद्दाम घासलेलं.

मी भुकटी पुसली. धार लावली.

बोलले तर तो येणार नाही. नाही बोलले तर —

साडेअकरा

आता एकदा जरी चाकावर धरलं तरी पातं मोडणार. आजोबांनी जन्मभर सांभाळलेलं पातं आम्ही दोघांनी पाच मंगळवारांत खाऊन टाकलं होतं.

मी चाकू मिटला. परत दिला.

"आता धार नाही लावायची."

"म्हणजे?"

"विटेवर घासणं बंद कर. पातं संपत आलंय रे. मला तिसऱ्या खेपेलाच कळलं होतं."

त्याचे कान लाल झाले. "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

मी वहीतल्या आकड्यांकडे बघत राहिले.

"आजोबांचा चाकू... आणि विटेवर घासलास?"

"आजोबा असते तर वीट त्यांनीच आणून दिली असती," तो पुटपुटला. पण हसला नाही. चाकू खिशात टाकला. बाहेर एक झटका... दुसरा... तिसऱ्याला पिकअप निघून गेली.

(मोजायला काही नाही)

मंगळवार. टेम्पो गेला. दुधाची गाडी गेली. शिंप्याची मोठी कात्री आली, खाटकाचे दोन सुरे आले. रस्त्यावर कुठलंही इंजिन खोकलं की माझी मान वळायची.

"मानेला तेल घालू का गं?" बाबा म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघून आत गेले.

मंगळवार. अंगठा उगाच एका मुठीची जागा शोधत राहिला. खरं बोलल्याचं समाधान वगैरे म्हणतात — मला तर कुठे सापडलं नाही.

मंगळवार. पिकअप.

मी चाक थांबवलं नाही. वर बघितलं नाही. सावली उंबऱ्यात येऊन थांबली तेव्हा म्हटलं, "काय आणलंस?"

"काही नाही."

"मग?"

"धार लावायला काही नाही. गाडीही बिघडलेली नाही. सांगण्यासारखं कारण शोधलं, तीन आठवडे शोधलं... नाही मिळालं. तसाच आलो."

मी चाक बंद केलं.

त्याचे दोन्ही हात रिकामे होते. ते कुठे ठेवावेत, हे त्याला कळत नव्हतं.

मला कळत होतं.