ल्यूडर्सआजींचं रविवारचं धुणं

"रविवारी मी कपडे धूत नाही. मेले तरी नाही!" ल्यूडर्सआजींनी टेबलावर मूठ आपटली. सांधे धरलेली बोटं धड मिटतही नव्हती.

गुप्तहेर वीब्केचा मदतनीस योखेन याने मान डोलावली. जर्मनीत रविवार शांततेचा; ब्रेमेनच्या त्या इमारतीत रविवारी धुण्याचं मशीन लावणं म्हणजे भर चर्चमध्ये शिट्टी वाजवणं. पण काल आजी चर्चला गेलेल्या असताना त्यांच्या न्हाणीघरात तळं साचलं आणि खालच्यांचं छत गळलं, हेही खरंच होतं. सगळ्यांनी ठरवून टाकलं, म्हातारीने मशीन लावलं, मध्येच दार ओढून तोडलं आणि विसरून निघून गेली. उद्या वृद्धाश्रमाची माणसं तिला न्यायला येणार होती. म्हातारा माणूस विसरतो असं एकदा ठरलं, की त्याचं खरं बोलणंही कुणी ऐकत नाही.

"मला वाचव गं," आजी न्हाणीघराकडे बघत म्हणाल्या.

वीब्के हार्म्स, खाजगी गुप्तहेर, न्हाणीघरात गुडघ्यांवर बसली होती. मशीनचं गोल दार उघडं, लॉकमध्ये अडकणारा त्याचा प्लॅस्टिकचा आकडा तुटलेला. ड्रममध्ये ओले टॉवेल. तिने पावडरचा खण ओढला आणि चिमूटभर पावडर बोटांतून सोडली. भुरभुर पडली.

"हा बघ आकड्याचा तुकडा!" भिंतीच्या कडेला योखेनला सापडला. विम्याच्या तपासात त्याची उभी हयात गेली होती. "म्हातारीनेच ओढलं गं दार. उघड आहे."

"तुला सगळंच उघड दिसतं. बोलाव एकेकाला."

पहिला घरमालक ब्रोयर. "मी उंबऱ्यातूनच बघितलं. बूट भिजवायला वेडा नाही मी! ही बाई मशीनचा नळसुद्धा कायम उघडा ठेवते. शंभरदा सांगितलं."

"ही बोटं बघ आणि मग सांग!" आजी आतून ओरडल्या. "वर्ष झालं, फिरत नाही तो नळ मला!"

दुसरा पावलाक, इमारतीचा केअरटेकर. "डेटलेफ धावत आला, म्हणाला पूर आलाय. मी तळघरातला मोठा व्हॉल्व्ह बंद केला, संध्याकाळी परत सोडला. वर येऊन फक्त फरशी पुसली. मशीनला हात लावला नाही. उगाच माझ्यावर बिल नको, बाई."

तिसरा आजींचा भाचा डेटलेफ. डोळे लाल. "केक घेऊन आलो, माझ्या किल्लीने दार उघडलं, तर घोट्याएवढं पाणी! काही न शिवता खाली पळालो."

"काहीच शिवलं नाही?"

"काहीच नाही. आत्याने वाढवलंय मला. लहानपणी धुणं झालं की मशीनचा नळ बंद केल्याशिवाय जेवायला वाढायची नाही, इतकी शिस्त! आणि आता तिची ही अवस्था..."

वीब्केने टॉर्चने लॉकच्या फटीत पाहिलं. फट रिकामी. तिने आकड्याऐवजी स्क्रूड्रायव्हर आत सारला आणि बटण दाबलं. टक्! लॉक बसलं. मशीन घुं घुं करू लागलं. पाणी मात्र आलं नाही.

ती मशीनमागे वाकली, मग उठली. "सगळ्यांना बोलाव."

न्हाणीघराच्या दारात गर्दी झाली.

"दाराचं लॉक बसल्याशिवाय हे मशीन थेंबभर पाणी घेत नाही," वीब्के म्हणाली, "आणि पोटात पाणी असेपर्यंत दार सोडत नाही. बंद दार ओढून आकडा तोडला, तर त्याचं टोक लॉकमध्येच अडकतं. इथे लॉक रिकामं आणि धडधाकट आहे. तुकडा भिंतीपाशी. म्हणजे दार उघडं असताना कुणीतरी आकडा मोडला."

"मग पाणी?" योखेनने विचारलं.

"मशीनमधून नाहीच आलं. आलं असतं तर पावडरच्या खणातून गेलं असतं. पावडर कोरडी ठाक आहे. कुणीतरी मशीनची नळी सोडून पाणी जमिनीवर आणि टॉवेलांवर सोडलं. मग नळ बंद करून नळी परत लावली. मशीन चाललं असं भासवायला नळ पुन्हा उघडायला हवा होता, पण तो बंदच राहिला. आजींना तो फिरत नाही. पावलाकनी मशीनला हात लावला नाही; नळ बंद केला असता तर त्यांनी तेही सांगितलंच असतं. ब्रोयरना तर माहीतच होतं की नळ कायम उघडा असतो. नाटक रचलं असतं तर तो उघडाच ठेवला असता."

डेटलेफचा चेहरा उतरला. "मी... घाबरून बंद केला असेन."

"मग पूर थांबवायला पावलाकना तळघरात कशाला पळवलंस? डेटलेफ, काम झालं की नळ बंद, हे तुझ्या हाडात मुरलंय. हाताने सवयीने बंद केला आणि डोक्याला कळलंही नाही."

"त्याने परवाच विचारलं होतं," ब्रोयर पुटपुटला, "आत्या आश्रमात गेली तर घर जुन्याच भाड्याने माझ्या नावावर कराल का म्हणून."

योखेनला वाटलं, आता आजी कोसळणार. त्याने खुर्ची पुढे केली. आजींनी ती पायाने बाजूला सारली.

"तुला राहायला जागा हवी होती होय?" त्या म्हणाल्या. "मागितली असतीस तर आतली खोली दिली असती रे, गाढवा."

"आत्या, मी..."

"किल्ली."

डेटलेफने किल्ली टेबलावर ठेवली.

"आता त्या आश्रमवाल्यांना फोन लाव. इथूनच, माझ्यासमोर. सांग, ल्यूडर्स डोक्याने ठणठणीत आहे आणि घर सोडत नाही. काय केलंस तेही सांग."

त्याने फोन कानाला लावला. खालच्या आवाजात बोलू लागला.

"मोठ्याने," आजी म्हणाल्या. "मी बहिरी नाही, पण ब्रोयर आहे."