दोघांची एकच गोळी

"कोण गो मासळी घेऊन आलंय वर्गात?"

सातवीतल्या मागच्या बाकावरचा तो आवाज. कुणाचा, ते आठवत नाही... हसणं मात्र आठवतं. त्या संध्याकाळी मी हात धुवायला बसले, ती तेविसाव्या वर्षापर्यंत धूतच राहिले. बोटांची सालं निघेपर्यंत. डहाणूच्या मासेमार मांगेल्यांची लेक, आईचे बोंबील बांबूवर वाळतायत, आणि मी, हेमाली, नळाखाली!

डॉक्टरांनी गोळी दिली, समुपदेशक भाविनी मॅडमनी अभ्यास दिला. "दोन्ही हवं," मॅडम म्हणाल्या. गोळीने मनातला गलका कमी झाला, मग अभ्यासाला बसता येऊ लागलं. अभ्यास काय? बोंबील हाताळायचा, आणि अर्धा तास हात धुवायचे नाहीत.

तो दवाखान्याच्या बाकावर भेटला. औषधांच्या पिशव्या सारख्या, मी त्याची उचलली.

"अहो... ती माझी."

आत डोकावले. माझीच गोळी!

"म्हणजे तुम्हीपण हात धुता?"

तो गोंधळला, मग मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते त्याच्या मानेलाच ठाऊक.

उमेश त्याचं नाव. घर तलासरीच्या डोंगरात, भात-नागलीची शेती. स्वतः कोसबाडच्या एका रोपवाटिकेत चिकूची कलमं बांधायचा. दर शनिवारी आम्ही त्याच बाकावर.

"आज किती टिकलात?"

"बावीस मिनिटं. हाताला वास येतोय."

"येतोय खरा," तो हुंगून म्हणाला. "भूक लागली."

मी हसले. उरलेली आठ मिनिटं कुठे गेली, कळलंच नाही.

थंडी सरताना तो किनाऱ्यावर आला. आईने लगेच बोंबलांची टोपली त्याच्या हातात दिली. "डोंगरातला असून नाक मुरडत नाही गो!" ती माझ्या कानात म्हणाली — साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल इतक्या हळू.

आई पलीकडे गेली, तसं मी म्हटलं, "आई विचारतेय... तुझ्या घरचे कधी येणार?"

त्याने टोपली खाली ठेवली.

"आधी ऐक, हेमाली. मला हात धुण्याचं दुखणं नाही. कधीच नव्हतं."

"मग गोळी?"

"गोळी तीच, दुखणं वेगळं. मोबाईलवरचे... नको ते व्हिडिओ. अनोळखी बायकांशी नको ते बोलणं. तासन्‌तास. किळस यायची, तरी थांबता यायचं नाही. आधीची नोकरी त्यातच गेली. आता गोळी आहे, मॅडमचा अभ्यास आहे. ओढ लागली की फोन मालकाकडे द्यायचा आणि कलमं बांधत बसायचं, ती ओसरेपर्यंत. उपचार सुरू होऊन आठ महिने झाले. दिवाळीत एकदा घसरलो. मॅडमना सांगितलं... तुला नाही."

मी बोंबलांच्या रांगेच्या पार टोकाला गेले. वारा गालांवर केस आपटत होता. त्याच्या जागी दुसरा असता, तर लग्न लागेपर्यंत मान हलवत राहिला असता... मी परत फिरले. तो होता तिथेच उभा, रंग उडालेला.

"पुन्हा घसरलास तर?"

"मॅडमना सांगेन."

"आणि मला."

"आणि तुला. त्याच दिवशी."

"मग माझंही ऐक." मी खाली ठेवलेली टोपली उचलली. "आईने काही विचारलं नव्हतं, उमेश. विचारत होते मी... आणि अजून विचारतेय."