दुभाष्याने वाचलेले पत्र

शंखगडावर अमावास्येची पहाट फुटली ती तोफेच्या दणक्याने. तिन्ही अंगांनी समुद्र आणि चौथ्या अंगाला तारवे खाडी, अशा त्या जलदुर्गाच्या पश्चिम बुरुजाला सतरा दिवसांच्या माऱ्याने भगदाड पडले होते. तटाखालच्या खडकांवर निखळलेले चिरे, तोफांचे मोडके गाडे आणि उचलून आणायला उसंत न मिळालेली माणसे एकत्रच पडली होती. आणि समोर, खाडीच्या मुखाशी, फिरंग्यांची पाच जहाजे नांगर टाकून उभी होती.

सदरेवर आरमाराचे कारभारी भगवंतराव नाबर अंगरख्याचे बंद बांधत होते. वय अठ्ठावन्न, बांधा किरकोळ, नजर अधू. उभ्या आयुष्यात त्यांनी तलवार उपसली नव्हती. पण गेले चार महिने हे युद्ध चालवले होते ते त्यांच्याच लेखणीने. दरबाराला पत्रामागून पत्र लिहून त्यांनी कण्यासाठी साग, दोरांसाठी ताग आणि खिळ्यांसाठी लोखंड मिळवले, आणि गडाच्या आडोशाच्या गोदीत तीन गुराबा उभ्या केल्या. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, जड तोफा पेलणारी अशी लढाऊ जहाजे या किनाऱ्यावर पूर्वी बांधली गेली नव्हती. त्याच वेळी फिरंगी कप्तानाला त्यांनी गोड पत्रांत गुंतवून ठेवले. कधी महाराजांची आज्ञा यायची असे, कधी मुहूर्त नसे.

शेवटी कप्तानाचा धीर सुटला. त्याने निर्वाणीचे पत्र धाडले: तिन्ही गुराबा जाळण्याचा करार घेऊन कारभाऱ्याने जातीने जहाजावर यावे, नाहीतर गडावर माणूस जिवंत ठेवणार नाही. भगवंतरावांनी कबुली कळवली आणि दिवस नेमला अमावास्येचा. त्या दिवशी दुपारी उधाणाची भरती येत असे, आणि तेवढ्याच पाण्यावर गुराबा गोदीतून तरंगून बाहेर पडू शकत होत्या.

"कारभारी, आपण जाऊ नये," सुभेदार सुभानजी मयेकर म्हणाले. आरमार त्यांच्या हुकमतीत होते. तीन दिवसांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ याच सदरेच्या पायरीवर गोळ्याने उडाला होता. "दुसरा कोणी वकील धाडू. आपणांस त्यांनी ओलीस धरले तर आम्ही तोफ डागायची कोणावर?"

"दुसरा गेला तर कप्तानाला वहीम येईल. आणि तोफेचे मी लिहूनच ठेवले आहे." भगवंतरावांनी कागद पुढे केला.

सुभानजींनी तो वाचला. 'राजश्री सुभानजी मयेकर, सुभेदार आरमार, यांसी आज्ञा. भरती पुरी होताच गुराबा लोटून ओहोटीसवे शत्रूवर घालणे. आम्ही शत्रूच्या जहाजावर असो. आम्हांकडे पाहून तोफ थांबविल्यास ती फितुरी समजली जाईल. जाणिजे.'

"फितुरी?" सुभानजींनी त्या ओळीवर बोट ठेवले. "हा शब्द माझ्यासाठी?"

"मऊ शब्द घातला असता तर तुम्ही हुकूम मोडला असता, सुभानजी."

सुभानजींनी कागद कपाळाला लावला आणि ते गोदीकडे वळले.

उन्हे वर आली तेव्हा भगवंतराव फिरंग्यांच्या मुख्य जहाजावर चढले. कप्तान धिप्पाड, लाल चेहऱ्याचा, आदबीला चोख. त्याच्या बाजूला दुभाषी उभा होता. नाव रुजार, वय तिशीच्या आतबाहेर. खाडीपलीकडच्या केरवली गावचा ख्रिस्ती, फिरंग्यांच्या चाकरीत लहानाचा मोठा झालेला. पत्रव्यवहारात जन्म गेल्याने भगवंतरावांना फिरंगी भाषा कळत होती. पण ते कप्तानाला ठाऊक नव्हते, आणि त्यांनीही कळू दिले नाही.

कराराचे तिसरे कलम चालले होते, तोच शिडीवर गलबला झाला. दोन शिपायांनी एका माणसाला फरफटत आणून फळ्यांवर टाकले. त्याच्या उजव्या हाताची बोटे उलटी मोडली होती आणि एक डोळा नाहीसा झाला होता. तो खेमा होता, भगवंतरावांचा जासूद. दोन दिवसांपूर्वी त्यांनीच त्याला दरबाराकडे धाडले होते.

कोणतीही मसलत दरबाराला कळवल्यावाचून करायची नाही, ही भगवंतरावांची तीस वर्षांची शिस्त. त्या शिस्तीपायी त्यांनी गुराबांचा बेत तपशीलवार लिहून खेम्याच्या हाती दिला होता.

"याला ओळखता?" कप्तानाने दुभाष्याकरवी विचारले.

"ओळखतो. माझा जासूद आहे."

"खाडी ओलांडताना उतारावर सापडला. जोड्याच्या तळव्यात हे शिवले होते. तीन प्रहर विचारले, तोंड उघडत नाही." कप्तानाने मोडी अक्षरांचा कागद रुजारच्या हाती दिला आणि शिपायाला सहज मान हलवून खूण केली. शिपायाने खेम्याचे केस धरून मान मागे ओढली आणि सुरी फिरवली. रक्ताची चिळकांडी रुजारच्या मोज्यांवर उडाली. धड कठड्यावरून खाली लोटले तेव्हा ते अजून तडफडत होते.

"वाच," कप्तान म्हणाला.

रुजारची नजर पहिल्या ओळीवरून शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आली. त्या कागदावरचा शब्द न् शब्द भगवंतरावांना पाठ होता. त्यांनी डोळे मिटले.

रुजार फिरंगी भाषेत वाचू लागला. "कारभारी दरबाराला लिहितात, की सुतार पळून गेले. गुराबांना शिडे नाहीत, तळ गळतात. गडावर धान्य सरले. महाराजांनी गुराबा जाळण्याची परवानगी त्वरित द्यावी, म्हणजे माणसे तरी वाचतील."

भगवंतरावांनी डोळे उघडले. रुजारने त्यांच्याकडे पाहिलेदेखील नाही. त्याने कागदाची घडी घातली.

कप्तान गडगडून हसला. त्याने मद्य मागवले आणि शिपायांना जेवायला सोडले. कलमे पुन्हा सुरू झाली. भगवंतराव प्रत्येक शब्दावर अडून बसले, रुजार प्रत्येक वाक्य दोनदा समजावू लागला, आणि खाली भरतीचे पाणी जहाजाच्या अंगावर चढत राहिले.

सूर्य माथ्यावर आला. पाणी क्षणभर थबकले, आणि मग ओहोटी लागली. डोलकाठीवरचा पहारेकरी ओरडला. गडाच्या वळणावरून, वल्हेकऱ्यांच्या गलबतांनी ओढलेल्या तीन गुराबा एकामागे एक बाहेर पडत होत्या.

कप्तानाने एकदा गुराबांकडे आणि एकदा दुभाष्याकडे पाहिले. "वाचण्यात चूक झाली?"

"नाही, साहेब," रुजार म्हणाला.

कप्तानाची तलवार त्याच्या बेंबीशी शिरून पाठीतून बाहेर आली. रुजार गुडघ्यांवर बसला, मग भगवंतरावांच्या पायाशी कलंडला. ओठांतून रक्त येत असताना तो आपल्या गावच्या बोलीत म्हणाला, "अक्षर बरा आसा तुमचा, कारभाऱ्यांनू." मग त्याचा श्वास थांबला.

शिपायांनी भगवंतरावांना कठड्याबाहेर, गुराबांच्या अगदी समोर, दोरांनी जखडले. सुभानजींची गुराब पुढे होती. अंतर घटत चालले, नाळेवरच्या तोफांची तोंडे दिसू लागली, गोलंदाजांच्या हातातले पेटते काकडे दिसू लागले, आणि तोफा मुक्याच राहिल्या. फिरंग्यांच्या तोफांनी मात्र मागची गुराब फोडली. तिची डोलकाठी माणसांसकट आडवी झाली.

भगवंतरावांनी सदरेवर कधी आवाज चढवला नव्हता. आता घशाच्या शिरा तुटेतो ते ओरडले, "सुभानजी! माझी आज्ञा आहे! डागा!"

सुभानजींनी स्वतः काकडा घेतला.

पहिल्याच सरबत्तीत कठडा उडाला. फळीचा एक धारदार फाळका भगवंतरावांच्या डाव्या गुडघ्याखालचा पाय घेऊन गेला, आणि तुटल्या दोराला लोंबकळत त्यांनी पुढचे सारे पाहिले: गुराबेची नाळ जहाजात घुसली, मयेकरांची माणसे कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन चढली, जेवणावरून उठलेल्या फिरंग्यांना बंदुका ठासायलाही वेळ मिळाला नाही. शरण आलेल्यालाही त्या दिवशी कोणी सोडले नाही. कप्तान सुकाणूपाशी पाठ टेकून लढला आणि सुभानजींच्या कुऱ्हाडीने खांद्यापासून छातीपर्यंत चिरला गेला. त्याची दोन जहाजे जळाली, दोन पळाली. फुटलेल्या गुराबेवरच्या ऐंशी जणांतले अकरा वाचले. संध्याकाळी ओहोटीने प्रेते बाहेर नेली आणि पुढच्या भरतीने परत आणली.

पायाची जखम भरत आली तेव्हा भगवंतरावांनी दरबारास विजयाचे पत्र लिहिले आणि रुजारच्या आईला इनाम द्यावे अशी विनंती केली. उत्तरात सुभानजींना मानाची तलवार आली, भगवंतरावांना वस्त्रे आणि पालखी आली. खाली एकच ओळ होती, की शत्रूच्या चाकरास इनाम देण्याचा रिवाज नाही. भगवंतरावांनी पुन्हा लिहिले. पुन्हा तेच उत्तर आले. तिसऱ्या पत्रासोबत त्यांनी वस्त्रे आणि पालखी परत केली आणि लिहिले, की हा रिवाज असेल तर ही वस्त्रे दुसऱ्याची आहेत, ती अंगावर घालणे सेवकास शोभत नाही. त्या पत्राला उत्तर आले नाही. महिनाभराने कारभार काढून घेतल्याचा हुकूम मात्र आला.

कुबड्या घेऊन ते होडीने केरवलीला गेले. रुजारची आई दारात सुकी मासळी निवडत बसली होती. मुलगा मेल्याचे तिला कळले होते. कसा, ते कोणी सांगितले नव्हते. भगवंतराव तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी सगळे सांगितले, खेम्याच्या पत्रासह, आपल्या चुकीसह.

म्हातारीने हातातली मासळी खाली ठेवली. "कागदात एक होता, आणि माझ्या झिलान वाचल्यान दुसराच?"

"होय, माई."

"म्हणजे तो खोटा बोललो."

"होय."

तिने समुद्राकडे पाहिले. "लहानपणी खोटा बोललो म्हणान मी त्याका खूप मारलंय हो," ती म्हणाली, आणि तिने पदर तोंडाला लावला.

भगवंतरावांनी मासळीची परडी जवळ ओढली आणि ते तिच्या बाजूला बसून मासळी निवडू लागले.