बारा नंबरच्या पेटीतला परवाना

"पेटी रिकामी नाहीये हो बाई, गच्च भरलीय. परवाना तेवढा नाही!"

फोनवर बोलणारी, एका म्हाताऱ्या प्रोग्रॅम-लेखकाची लेक, रडत नव्हती. रडून झालं होतं. तपासनीस बाईंनी चहा तसाच टाकला आणि निघाल्या. परवाना कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण कुणाचा कागद हरवला म्हटलं की त्यांना घरी बसवत नसे.

शुक्रवारची सकाळ होती. सोमवारी सुनावणी.

पस्तीस वर्षांपूर्वी लेकीच्या वडिलांनी एक कंपायलर लिहिला होता. म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राला कळतील अशा करून देणारा प्रोग्रॅम. आता तो वापरणारी एकच जागा उरली होती, लेक शिकवायची ती कर्णबधिर मुलांची शाळा. तिथे मूल आवाज काढतं, पडद्यावर रेघ हलते, आणि रेघ बघून मूल बोलायला शिकतं. दर मुलासाठी सूचना बदलाव्या लागतात, आणि या कंपायलरशिवाय त्या बदलत नाहीत. मुलं एकेचाळीस. नवी यंत्रं मागता मागता लेकीने चपला झिजवल्या होत्या.

वडिलांची कंपनी कधीच बुडाली. तिची अडगळ दुसऱ्या कंपनीने घेतली, आणि अडगळीबरोबर कंपायलरही आमचाच, वापर बंद करा, असं त्यांचं म्हणणं पडलं. वडिलांनी तेव्हाच कंपनीच्या शिक्क्यानिशी परवाना लिहून ठेवला होता: कुणीही वापरा, बदला, वाटा. शाळेकडे त्याची झेरॉक्स होती. कोर्टाला मूळ कागद हवा होता.

आणि लिहिणारा? तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. लेकीला "मावशी" म्हणत होता.

"बाबांना विचारून काही उपयोग नाही," लेक म्हणाली. "बघा ना, दिवसभर हेच."

म्हातारा खुर्चीच्या हातावर बोटं आपटत होता. डाव्या हाताची चार, उजव्या हाताची चार. अंगठे मुठीत दुमडलेले. मग पुन्हा पहिल्यापासून.

"आणि छोटू, छोटू करतात," त्यांना सांभाळणारी सिस्टर म्हणाली. "मला आधी वाटलं नातू असेल."

"आमच्यात छोटू कुणीच नाही," लेक म्हणाली.

आतल्या खोलीत एका लांब फळीवर पुठ्ठ्याच्या पेट्या ओळीने होत्या. एकीवरही नंबर नाही. पेट्यांत कंपायलरच्या छापील प्रती, कडेला भोकं असलेल्या रुंद कागदावर. शेजारी नोंदवही. पहिली नोंद 'पेटी ०'. पुढे कुठेतरी स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, 'परवाना: पेटी १२'.

"मी मोजून बारावी उघडली," लेक म्हणाली. "नाही! आणि बाई, वहीत शेवटची पेटी वीस आहे. फळीवर सतराच आहेत. म्हणजे तीन पेट्याही गेल्या!"

बाईंनी वही चाळली. "यात सातनंतर एकदम दहा आहे. आठ नाही, नऊ नाही. सतरानंतर थेट वीस."

"बाबा तेव्हापासूनच विसरायला लागले असतील."

बाईंनी फळीवर नजर टाकली. पेट्यांवर बोटभर धूळ. दोनच झाकणं पुसलेली होती, बारावीचं आणि तिच्या अलीकडच्या अकरावीचं.

"अकरावी कुणी उघडली?"

"मी नाही बाई."

बाईंनी झाकण काढलं. आत वरच्या कागदावर पिनेच्या गंजाचा तांबडा ठसा होता. पिनेखालचा कागद नव्हता.

"या आठवड्यात या खोलीत कोण आलं?"

"मंगळवारी कंपनीचे वकील," सिस्टर म्हणाली. "मी दारातच उभी होते, मला काही कुणाचा भरवसा नाही. त्यांनी वही वाचली, मोजून बारावी काढली, बराच वेळ उपसली आणि हात हलवत गेले. बुधवारी काका."

"कोण काका?"

"बाबांचे जुने स्नेही," लेक म्हणाली. "एकाच कंपनीत होते. मी त्यांना झेरॉक्स दाखवली, मूळ कागदाचं काही आठवतंय का विचारलं. मग मी शाळेत गेले."

"आणि तुम्ही?"

"मी आजोबांना आंघोळ घालत होते," सिस्टर म्हणाली.

बाईंनी झेरॉक्स मागितली. नऊ वर्षांपूर्वी वडिलांनी स्वतःच शाळेत नेऊन काढून घेतलेली. एकच पान. 'हा कंपायलर मी लिहिला आहे' अशी सुरुवात, खाली 'समाप्त', सही, शिक्का.

"परवान्यात 'समाप्त' कशाला?"

लेकीला एवढ्यातही हसू आलं. "बाबांची खोड. त्यांच्या भाषेत 'समाप्त' आलं की कंपायलर पुढचं वाचतच नाही. म्हणून बाबा प्रोग्रॅमच्या शेवटी, 'समाप्त'च्या पुढे, मनातलं सगळं लिहायचे. साहेबांना शिव्यासुद्धा. यंत्र वाचत नाही, साहेबही वाचत नाहीत, म्हणायचे."

झेरॉक्सवर ओळींच्या मधे फिकट राखाडी डाग होते. बाई ती घेऊन न्हाणीघरातल्या आरशासमोर गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"काकांचा पत्ता द्या."

काकांनी दार उघडलं आणि बाईंना मान वर करावी लागली. सहा फुटांच्या वर उंची. स्वतःच्याच घराच्या चौकटीतून वाकून वावरायची सवय झालेली.

"तुम्ही त्या कंपनीत काय होतात?"

"टायपिस्ट."

"कंपायलरशी संबंध?"

"काही नाही. कंपनीच्या वकिलांना गेल्या महिन्यात तसं लिहूनच दिलंय. सहीनिशी."

"का दिलंत?"

"त्यांनी विचारलं. खरं तेच दिलं. कागदोपत्री मी टायपिस्टच आहे."

"स्नेह किती वर्षांचा?"

काका मोजू लागले. बोटामागून बोट. करंगळीपासून चार, मग दुसऱ्या हाताची चार, आणि परत करंगळी. अंगठे दुमडलेलेच राहिले.

बाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चला. त्यांच्याकडे बसूनच बोलू."

म्हाताऱ्याच्या खोलीत काका स्टुलावर बसले, गुडघे छातीशी घेऊन. लेक दाराशी उभी.

"वकिलांनी चोरी केली असती तर बारावीतून केली असती," बाई म्हणाल्या. "त्यांनी बारावीच शोधली, हिनेही बारावीच. कुणीही तेच करेल. पण ज्या यंत्रावर हा कंपायलर लिहिला, तिथे आठाने मोजतात. आठ आणि नऊ हे आकडेच नाहीत. सातनंतर दहा. आणि सुरुवात शून्यापासून. शून्य ते सात, आठ पेट्या झाल्या. मग दहा, अकरा, बारा या तीन. म्हणजे वहीतली बारा नंबरची पेटी ही फळीवरची अकरावी. वहीतली वीस नंबरची, सतरावी. एकही पेटी गेलेली नाही."

लेकीने तोंडावर हात ठेवला.

"चोराने एकच झाकण उघडलं, बरोबर अकरावं. शोधाशोध नाही. असं मोजणारी दोनच माणसं आहेत. एक हे. दुसरा माणूस म्हणतो मी टायपिस्ट. काका, टायपिस्टला अंगठे का मोजता येत नाहीत?"

काकांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"अर्धा माझा होता हो," ते म्हणाले. "चुका शोधणारा अख्खा भाग मी लिहिला. पण पगारपत्रकात टायपिस्ट, म्हणून नाव नाही. पस्तीस वर्षं मी म्हणत होतो, जाऊ दे, त्याला तरी माहितीय. मग हिने झेरॉक्स दाखवली. 'मी लिहिला.' मी! बुधवारी याला विचारलं, अरे, एकदा तरी म्हण ना, आपण लिहिला. तर मला विचारतो, तुम्ही मीटर बघायला आलात का?"

"कागद कुठाय काका?" लेक पुढे आली. "ओरडणार नाही मी. फक्त द्या."

"इथेच. स्वयंपाकघरात. गॅसवर धरला."

म्हाताऱ्याची बोटं वाजत होती.

"जाळण्याआधी वाचलात?" बाईंनी विचारलं.

"वाचला की. 'समाप्त'पर्यंत. सहीपर्यंत."

"उलटून पाहिलात?"

"मागे काय असणार?"

बाईंनी झेरॉक्स आणि सिस्टरचा छोटा आरसा पुढे ठेवला. "कागद पातळ होता. मागची शाई पुढे उतरलीय, उलटी. वाचा."

काकांनी चष्मा लावला. लेकीने आरसा धरला. तिनेच हळूहळू वाचलं. "'यातला अर्धा कंपायलर माझा नाही, छोटूचा आहे. साहेबांनी त्याचं नाव पुढच्या बाजूला घालू दिलं नाही, म्हणून इथे लिहितो. हा परवाना आम्हा दोघांचा.'" पुढची ओळ फारच फिकट होती.

"छोटू म्हणजे..." लेक काकांच्या उंचीकडे बघतच राहिली.

"यंत्राच्या खोलीतलं नाव," काका म्हणाले. "त्या खोलीबाहेर कुणी हाक मारली नाही कधी."

"'समाप्त' आलं की पुढचं वाचायचं नाही," बाई म्हणाल्या. "हा नियम कुणी लिहिला होता?"

"मीच."

ते एकदम उठले. डोकं दिव्याला आपटलं. "मी येतो सोमवारी! कोर्टात सांगतो, अर्धा माझा आहे, माझी परवानगी आहे!"

"काय दाखवून? तुमच्या सहीचा कागद त्यांच्याकडे आहे, कंपायलरशी संबंध नाही म्हणून. तुमचं नाव असलेला एकच कागद होता. आणि हे डाग? वकील हसतील." बाईंचा आवाज खाली आला. "तरी या. मीही येते. पण पोरी, तुला खोटी आशा दाखवणार नाही."

लेक भिंतीला टेकून खाली बसली. "सोमवारी यंत्रं सील करतील," ती म्हणाली. "एक मुलगी परवाच स्वतःचं नाव म्हणायला लागलीय. अर्धं. उरलेल्या अर्ध्याची रेघ मला अजून बनवायची होती." तिने काकांकडे पाहिलं. रागवायचं होतं तिला, पण तेही जमेना.

तपासनीस बाईंनी जन्मभर हरवलेले कागद शोधले होते. कागद कुठे गेला हे कळूनही हात बांधलेले, अशी वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. त्यांनी झेरॉक्सची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

खिडकीपाशी बोटं थांबली.

"छोटूला बोलवा," म्हातारा म्हणाला. "चूक राहिलीय कुठेतरी. त्यालाच सापडते."

काका त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले. एवढा उंच माणूस, पण तोंड बरोबर समोर आलं. "आलोय रे. सांग, कुठली चूक?"

म्हाताऱ्याने त्यांना नीट निरखलं आणि अदबीने मान हलवली.

"तुम्ही नव्हे हो," तो म्हणाला. "छोटू."