अकरा पायऱ्यांचे तळघर

जिन्याची मोजणी हे साधे काम आहे. पायरीची उंची घ्यावी, रुंदी घ्यावी, पायऱ्या मोजाव्यात. मग वरच्या उंबऱ्यापासून तळापर्यंत उतारावर फीत ताणून दोन्ही मापे जुळतात का ते पाहावे. एकेचाळीस वर्षे भूमापनात काढल्यावर मला त्यात नवल वाटण्यासारखे काही उरले नव्हते. न्यायालयाने मला नेमताना एवढेच लिहिले होते की जागेचे माप द्यावे, मत देऊ नये.

इमारत म्हणजे पाणीपुरवठा खात्याचे भांडार. पिवळट भिंती, नळांचे गंजलेले तुकडे, ओल्या लोखंडाचा वास. तळघरात उतरणारा जिना सातव्या पायरीशी उजवीकडे वळत होता. त्यामुळे वरून तळ दिसत नसे.

वाद असा होता. एकोणीस वर्षांपूर्वी एका परिचारिकेच्या मुलाला चौकशीसाठी नेले. त्याला आपण कधी नेलेच नाही, असे सरकारचे म्हणणे. पुढे अनेक राष्ट्रांनी मिळून केलेल्या करारावर आमच्या सरकारने, उशिरा का होईना, सही केली आणि त्याला अनुसरून कायदा झाला: माणूस सक्तीने नाहीसा केला असेल, तर तो सापडेपर्यंत हा गुन्हा जुना होत नाही, तो रोज नव्याने घडत राहतो. मात्र न्यायालयाला त्याला ठेवल्याच्या जागेचा पुरावा हवा होता. तो न मिळाल्यास याचिका निकाली निघणार, मुलगा मृत ठरणार आणि प्रकरण मिटणार. बाई आता सत्तरीच्या होत्या. दाद मागायला आणखी एकोणीस वर्षे त्यांच्यापाशी नव्हती.

साक्षीदार एकच. टंकयंत्रे दुरुस्त करणारा एक गृहस्थ. त्याला सगळे खटखट्या म्हणत. त्यालाही त्याच वर्षी उचलले होते. डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला सात दिवस त्या मुलाशेजारी बसवले होते. त्याने शपथेवर सांगितले होते: याच भांडाराचे तळघर, चौदा पायऱ्या, मग वाकून जावे लागते अशी कमान.

सकाळी बाई, खटखट्या आणि सरकारी वकील यांच्यासमोर आम्ही मोजले. पायऱ्या अकरा. फीत तीन मीटर बत्तीस. तळाशी दगडी फरशी, समोर सलग भिंत, कमान कोठेही नाही. पहारीने ठोकून पाहिले. आवाज भरीव होता.

सरकारी वकील स्वभावाने मोकळे होते. ते म्हणाले, "वस्तूंना पाय फुटतात हे ऐकून होतो, खटखट्या. जिन्याला पायऱ्या फुटतात हे आज कळलं."

खटखट्याला राग आला नाही. "साहेब, मी डोळे उघडे ठेवून उतरलोच कधी?"

वकिलांनी हसत आपला रुमाल दिला. तो डोळ्यांवर बांधून, भिंतीला हात लावून, खटखट्या मोठ्याने मोजत उतरला. दहा. अकरा. बारा. तेरा. चौदा. प्रत्येक आकडा मागच्याहून थोडा खालून आला. तो सपाट फरशीवर चालत मोजतो आहे, असे वकील म्हणाले, आणि मलाही तसेच वाटले. वर आल्यावर त्याने रुमाल सोडून माझ्या हाती दिला आणि एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला.

दुसऱ्याच्या पायांनी झालेल्या मोजणीखाली मी सही करीत नाही. मी रुमाल बांधला. फितीची डबी वकिलांच्या हाती दिली, टोक स्वतःकडे ठेवले. बाईंनी गाठीखाली एक बोट सरकवून पाहिले आणि घट्ट तर होत नाही ना, असे विचारले. आयुष्यभर लोकांना पट्ट्या बांधलेला तो हात होता.

मी उतरू लागलो.

अकराव्या पायरीवर थांबलो. पुढे फरशी असायला हवी होती. पाय खाली गेला.

बारावी मधोमध झिजलेली होती. पुष्कळ पायांनी दगड झिजतो, तशी.

तेरावी ओली होती.

चौदावीच्या कडेला फितीचे टोक दाबून मी वर हाक दिली. बऱ्याच वेळाने वकिलांचा आवाज आला. "चार तेवीस." मग म्हणाले, "ढिली असेल, जरा ओढा."

मी ओढली.

"चार तेवीसच."

फरक एक्याण्णव सेंटिमीटरचा. बरोबर तीन पायऱ्यांचा.

कमान कपाळाला लागली. मी वाकलो, हात पुढे केला आणि तो एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर फिरवला.

डोळ्यांवरचा रुमाल मी तेथे सोडून पाहिले नाही. तेवढे धैर्य माझ्यात नव्हते.

अहवालात दोन ओळी लिहिल्या. डोळे उघडे असता अकरा. डोळे बांधले असता चौदा. जुने न्यायदर्शन स्पर्शाने कळलेलेही प्रत्यक्ष प्रमाण मानते, असे गुरुजींनी बालपणी शिकवले होते. ते वचन लिहिण्याचा मोह मी आवरला. वकिलांनी आपण वाचलेल्या मापाखाली सही केली. न्यायालयाने याचिका कायम ठेवली.

त्या दिवशी बाई न्यायालयाच्या ओसरीतील बाकावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. मुलाविषयी विचारतील, अशा समजुतीने मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो.

त्या म्हणाल्या, "दादा, खाली गार आहे का हो?"

असत्य बोलण्याची मला सवय नाही.

"गार आहे," मी म्हणालो. "पण सगळे एकमेकांना टेकून बसलेत."